‘शॉर्टसर्किट’ लिहून कागद बंद करू नका!



रस्त्यात गाडी पेटली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात. गाडी जळून खाक झाली, वाहतूक दोन तास ठप्प झाली आणि शेवटी ठरलेलं वाक्य: ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा अंदाज आहे.’ झालं! सांगाडा चार दिवस रस्त्याच्या कडेला पडून राहतो, पाचव्या दिवशी भंगारवाला उचलून नेतो. गाडीत भाजलेला माणूस मात्र महिनोन् महिने पट्ट्या बांधून घेत असतो. तो ‘अंदाज’ खरा होता की खोटा, हे विचारायला त्याच्याकडे कोणी जात नाही. आजचा लेख या शेवटच्या वाक्याबद्दल आहे.

शेतीच्या पानावर गाडीचा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. पण कर्जत-खालापूरकडे बघा. भाजीच्या पाट्या बाजारात पोचतात त्या पिकअपमधून. पेंढा तबेल्यांकडे जातो तो टेम्पोतून. कशेळे, कडाव, नेरळ, चौक, वावोशी या भागातली माणसं टमटम आणि इकोने ये-जा करतात. पोरं शाळेत जातात ती व्हॅनमधून. माथेरानच्या घाटात टॅक्सी चालवणाऱ्यांच्या घरी भातशेतीही आहेच. वर मुंबई-पुण्याचे दोन्ही रस्ते, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग, खालापूर तालुक्यातून जातात आणि बोरघाट आपल्याच अंगणात आहे. बैलजोडी गेली आणि गाडी आली. बैलाला घटसर्पाची लस टोचून घ्यायची हे आपल्याला कळतं, मग गाडीची काळजी आणि गाडीचा हक्क या दोन्ही गोष्टीही कळायला हव्यात.

बियाण्याला एक न्याय, गाडीला दुसरा का?

भाताचं बियाणं उगवलं नाही तर तुम्ही काय करता? पिशवी, तिच्यावरचं लेबल आणि दुकानदाराची पावती घेऊन थेट तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज करता. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतावर येते, रोपं मोजते, पंचनामा करते. लॉट नंबर लिहिला जातो, कारण एका शेतकऱ्याचं बियाणं उगवलं नाही तर दोष पेरणीचा असू शकतो, पण त्याच लॉटचं बियाणं दहा गावांत उगवलं नाही तर दोष कंपनीचा असतो. दहा तक्रारी एकत्र येतात तेव्हाच हे दिसतं. म्हणूनच आम्ही विस्ताराचं काम करणारे लोक कानीकपाळी ओरडतो की, पिशवी फेकू नका, लेबल जपा.

तीन-चारशे रुपयांच्या बियाण्याच्या पिशवीला ही व्यवस्था आहे. आठ लाखांची गाडी कर्ज काढून घेतली आणि ती उभ्या-उभ्या पेटली, तर मात्र आपण नशिबाला बोल लावतो. गाडीलाही लॉट नंबर असतोच की! चासी नंबर आणि बनावटीचा महिना हाच तिचा लॉट. ठरावीक महिन्यांत बनलेल्या गाड्यांत एकच वायर चुकीच्या जागेवरून नेलेली असेल, तर ती सगळ्याच गाड्यांत घासणार. मग एक गाडी कर्जतला पेटते, एक कोल्हापूरला, एक नांदेडला. तिन्ही ठिकाणी ‘शॉर्टसर्किट’ लिहून कागद बंद होतात आणि चौथी गाडी कुणाच्या तरी दारात उभीच असते.

दोषाने गाडी पेटते, याचे दाखले

ही काही कल्पनेची गोष्ट नाही. मार्च २०१० मध्ये मुंबईत मुलुंडला एक कोरी नॅनो शोरूममधून घरी नेत असताना रस्त्यातच पेटली. सुदैवाने माणसं वाचली. त्याआधी २००९ मध्येही काही नॅनो गाड्यांतून धूर निघाल्याच्या तक्रारी होत्या. कंपनीने चौकशी केली आणि गाडीच्या रचनेत दोष नसल्याचं सांगितलं. तरी नोव्हेंबर २०१० मध्ये त्याच कंपनीने विकलेल्या गाड्यांना सायलेन्सरच्या भागात आणि वायरिंगमध्ये जादा संरक्षण फुकट बसवून देण्याचं जाहीर केलं. मात्र त्याला ‘रिकॉल’, म्हणजे दोषासाठी गाड्या परत बोलावणं, हे नाव कंपनीने दिलं नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मारुतीने ए-स्टार जातीच्या सुमारे १ लाख गाड्या पेट्रोल पंपाच्या गॅस्केटमधून गळती होऊ शकते म्हणून बोलावून घेतल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने १ लाख ८ हजारांवर एक्सयूव्ही ७०० गाड्या तपासायला बोलावल्या, कारण इंजिनाजवळची वायरिंग घासून कापली जाण्याचा धोका होता. कंपनीने स्वतःहून दोष सांगितला तर तिला शिव्या घालण्याचं कारण नाही. आपल्या गाडीसाठी असं बोलावणं आलं असेल तर ते आपल्यापर्यंत पोचलं का, एवढाच प्रश्न आपण विचारायचा.

बॅटरीवरच्या गाड्यांचा अनुभवही ताजा आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात ओलाची एक स्कूटर रस्त्याकडेला उभी असताना पेटली. एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमध्ये भरलेल्या ४० नव्या विजेच्या स्कूटरपैकी २० जळाल्या. त्याच महिन्यात ओलाने १,४४१ आणि ओकिनावाने ३,२१५ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. सप्टेंबरमध्ये वसईला घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा काही दिवसांनी दवाखान्यात दगावला. यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचणीचे नियम कडक केले आणि ते १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. याचा अर्थ सरळ आहे. त्याआधी बनलेली जुनी स्कूटर कुणी स्वस्तात गळ्यात मारत असेल, तर घेताना दहा वेळा विचार करा.

साता समुद्रापार अमेरिकेतही हेच घडलं होतं. फोर्ड कंपनीच्या पिंटो नावाच्या छोट्या गाडीची पेट्रोलची टाकी मागच्या बाजूला अशी बसवली होती की, मागून ठोकर बसली की टाकी फुटून आग लागायची. माणसं होरपळली, खटले झाले, आरडाओरडा झाला, तेव्हा १९७८ मध्ये कंपनीला सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. हे आपोआप झालं नाही. भाजलेल्यांनी आणि त्यांच्या वकिलांनी कारणाचा पिच्छा पुरवला, म्हणून झालं.

कारण शोधलं तर काय निघतं?

१९ मार्च २०२५ रोजी पुण्याजवळ हिंजवडीत एका कंपनीच्या कामगारांची टेम्पो ट्रॅव्हलर पेटली आणि चार कामगार आतच जळून मेले. मागचा दरवाजा उघडला नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी तेच, शॉर्टसर्किट! पण पोलिसांनी खोलात जाऊन तपास केला आणि आग चालकानेच लावल्याचा आरोप ठेवला. चौकशी थांबली असती तर हे बाहेरच आलं नसतं, आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीवर नाहक बोल आला असता. चौकशी कुणाच्या विरोधात नसते. दोष कंपनीचा, गॅरेजवाल्याचा, मालकाचा की आणखी कुणाचा, हे तिच्यातूनच कळतं.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. बस नेमकी दरवाजाच्या अंगावर पडली, बाहेर पडायला वाट उरली नाही. तिथे अपघाताचं कारण एक आणि माणसं मरण्याचं कारण दुसरं. संकटकाळची खिडकी फुटते का, तिच्यासमोर सीट किंवा सामान आहे का, ही गोष्टही दोषच समजली पाहिजे. लग्नाच्या वऱ्हाडाला किंवा पंढरपूरला जाताना आपण बस ठरवतो तेव्हा भाड्याची घासाघीस करतो. मागचं दार उघडून दाखव, असं कुणी म्हणतं का?

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आलं. गाडीच्या दोषामुळे लोकांच्या जिवाला किंवा पर्यावरणाला धोका असेल, तर ती गाडी परत बोलावण्याचा हुकूम केंद्र सरकार कंपनीला देऊ शकतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. कंपनीने टाळाटाळ केली आणि सरकारला सक्ती करावी लागली, तर गाड्यांच्या संख्येनुसार १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

पण यात दोन अडचणी आहेत आणि त्या दोन्ही खेड्यातल्या माणसाला आडव्या येतात.

पहिली अडचण, हे चक्र तक्रारींच्या संख्येवर फिरतं. त्या जातीच्या गाड्या किती विकल्या गेल्या, त्या प्रमाणात ठरावीक तक्रारी आल्या तर चौकशी सुरू होते. तक्रार मालकानेच परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नोंदवायची असते. शहरातला नोकरदार ती नोंदवतो, आपण नोंदवत नाही. त्यामुळे खेड्यात पेटलेली गाडी या हिशेबात धरलीच जात नाही.

दुसरी अडचण वयाची. हा नियम बनावटीपासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या मुंबई-पुण्यात वापरून झाल्यावर येतात. सात-आठ वर्षांची गाडी म्हणजे आपल्या लेखी नवीच! तिच्यासाठी हे दार बंद झालेलं असतं. शिवाय कंपनीने बोलावलं तरी पत्र जातं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर, मुलुंडला नाहीतर चिंचवडला. गाडी असते कळंबला, तिला पत्ताच नसतो.

म्हणून जुनी गाडी घेताना एक काम जरूर करा. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये फोन करून चासी नंबर सांगा आणि ‘या गाडीचं कुठलं रिकॉलचं काम बाकी आहे का’ एवढं विचारा. बाकी असेल तर ते फुकट करून मिळतं. पाच मिनिटांचं काम आहे, त्यावर घरच्यांचा जीव अवलंबून असू शकतो.

सरकारकडेही आपली मागणी असायला हवी. सात वर्षांची मर्यादा खेड्यातल्या गाड्यांच्या वयाशी जुळत नाही, ती वाढवावी. आणि आगीत जळालेल्या प्रत्येक गाडीची तांत्रिक तपासणी परिवहन खात्याच्या निरीक्षकाने करावी, मग माणूस दगावलेला असो वा नसो. माणूस मेल्यावरच कारण शोधायचं, ही कुठली रीत?

आपल्या पदरचे दोष

सगळं खापर कंपनीवर फोडूनही चालणार नाही. गावोगाव फिरताना जे डोळ्यांना दिसतं ते सांगतो.

फ्यूज उडाला की त्या जागी तांब्याची तार नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणारे महाभाग आहेत. अरे बाबा, फ्यूज उडतो तो तुमचा जीव वाचवण्यासाठी! तो उडाला म्हणजे कुठेतरी वायर उघडी पडली आहे. तिथे तार लावली की वायरच तापून पेटते. तीच गोष्ट मोठा हॉर्न, चार-चार दिवे आणि गाण्याच्या पेटीची. मूळ वायर सोलून, चिकटपट्टी गुंडाळून जोड देऊ नका. रिले आणि वेगळा फ्यूज टाकूनच काम करून घ्या. गाडी पेटल्यावर विमा कंपनी आणि गाडीची कंपनी पहिलं बोट ठेवतात ते याच जोडावर.

भातकापणीनंतर शेतातले उंदीर घराकडे येतात. आपली गाडी उभी असते पेंढ्याच्या उडवीला टेकून. उंदराला इंजिनाची ऊब मिळते. तो पेंढा नेऊन तिथेच घरटं करतो आणि वायरी व इंधनाचे रबरी पाइप कुरतडतो. पेट्रोलची गळती, उघडी वायर आणि वाळका पेंढा एकत्र आल्यावर काय होईल ते सांगायला तज्ज्ञ नको. गाडी उडवीपासून लांब लावा. कार्तिक ते फाल्गुन आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा. पेट्रोलचा वास आला तर किल्ली फिरवूच नका.

वाळक्या गवतावर तापलेली गाडी उभी करू नका. सायलेन्सर आणि त्याच्या पुढची धूर शुद्ध करणारी डबी इतकी तापते की गवत पेट घेतं. एप्रिल २०२० नंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत काजळी जाळण्यासाठी ही डबी मधूनमधून आणखी तापवली जाते, तेव्हा तर जास्तच जपायला हवं. राब भाजायच्या दिवसांत शेतात गाडी नेताना आणि खळ्यावर ट्रॅक्टर लावताना हे ध्यानात ठेवा. पेंढ्याचा टेम्पो भरताना पेंढा सायलेन्सरवर लोंबू देऊ नका आणि वरच्या विजेच्या तारांचा अंदाज घेऊनच थर चढवा.

सीएनजीचं सिलिंडर दर तीन वर्षांनी दाबाच्या चाचणीतून पास करून घ्यावं लागतं. त्याची तारीख सिलिंडरला लावलेल्या पट्टीवर असते. शाळेच्या व्हॅनची ती पट्टी पालकांनी स्वतः वाचावी, चालकाला राग आला तरी चालेल. आणि घरगुती गॅसचं सिलिंडर गाडीला जोडणं हा नुसता गुन्हा नाही, पोराबाळांच्या सीटखाली बॉम्ब ठेवणं आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी साचून राहतो आणि ठिणगीची वाट बघतो.

बोरघाट आणि माथेरानचा घाट उतरताना गिअर खालचाच ठेवा. नुसत्या ब्रेकवर उतरलं की लायनर तापतात, धूर येतो आणि ग्रीस व टायर पेटतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट त्यामुळे लवकर बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही सांगितलं आहे. पाइपला भेगा दिसल्या की बदला. दोन-अडीचशे रुपयांचा पाइप वाचवून लाखाची गाडी घालवू नका.

गाडी पेटलीच तर

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी आपली गत असते. खोपोलीहून किंवा कर्जतहून बंब निघून गावात पोचेपर्यंत गाडीत काही उरत नाही. तेव्हा पहिली काही मिनिटं तुमचीच.

धूर दिसला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा. सामान काढायला परत जाऊ नका. वायरी जळाल्या की बटणावरची काच आणि कुलूप चालत नाही, म्हणून सीटजवळ हातोडी ठेवा आणि बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारा. समोरची काच लवकर फुटत नाही, तिथे वेळ घालवू नका. बॉनेट पूर्ण उघडू नका, आत हवा गेली की भडका होतो. पावडरची छोटी नळकांडी गाडीत असेल तर फटीतून मारा. पेट्रोल-डिझेलच्या आगीवर पाणी ओतू नका, माती टाका. आणि लांब व्हा. जळणाऱ्या सीटचा धूर विषारी असतो, माणूस आगीच्या आधी धुरानेच बेशुद्ध पडतो.

बघ्यांना एक जुनी गोष्ट सांगायची आहे. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे सातारा जिल्ह्यात महामार्गावर पेट्रोलच्या टँकरची ट्रकशी धडक झाली आणि टँकर रस्त्याखाली कलंडला. पेट्रोल गळत राहिलं. आजूबाजूची माणसं गोळा झाली. चार तासांनंतर स्फोट झाला आणि जमलेल्यांपैकी अनेक जण भाजले, काही दगावले. आपल्या वरच्या अंगालाही हे घडलं आहे. १३ जून २०२३ रोजी लोणावळ्याजवळ कुणे पुलावर द्रुतगती मार्गावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडलं. चौघे गेले, त्यात खालून जाणारेही होते. तेव्हा उलटलेल्या टँकरकडे मोबाइल किंवा कॅन घेऊन धावू नका, उलट्या दिशेला पळा आणि ११२ ला फोन लावा.

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी धरा. बर्फ नको. हळद, शेण, शाई, टूथपेस्ट, तूप यांतलं काहीही लावू नका. जखम चिघळते आणि डॉक्टरला ती दिसत नाही. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा, नंतर सूज येते. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. स्वच्छ चादरीत गुंडाळून १०८ ची गाडी बोलवा. आवाज घोगरा झाला असेल, नाकातले केस जळाले असतील, तर बाहेरून कमी भाजलेलं दिसलं तरी धूर आत गेला आहे असं समजा आणि वेळ दवडू नका. भाजलेल्यांसाठीचं खास रुग्णालय, नॅशनल बर्न्स सेंटर, ऐरोलीला आहे. मोठं भाजलं असेल तर प्राथमिक उपचारानंतर तिथे हलवायचं का, हे डॉक्टरांना विचारा.

भरपाई कशी मागाल?

साताऱ्याच्या त्या दुर्घटनेत विमा कंपनीचं म्हणणं होतं की, धडक पहाटे झाली आणि स्फोट नंतर झाला, तेव्हा हा ‘वाहनाच्या वापरातून’ झालेला अपघातच नव्हे. मुलगा गमावलेली आई सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. जुलै १९९१ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, ती आगही वाहनाच्या वापरातूनच झाली आणि भरपाई द्यावी लागेल. आपल्यासारख्याच एका घराने सगळ्या देशासाठी हा रस्ता मोकळा करून दिला आहे.

आज कलम १६४ प्रमाणे वाहन अपघातात मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये, कुणाची चूक होती हे सिद्ध न करता मागता येतात. गाडी चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच वेगळं असतं, पॉलिसी काढताना ते आहे ना ते बघा. ५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोकड न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. गाडीची भरपाई मात्र नुसत्या ‘थर्ड पार्टी’ विम्यात मिळत नाही. त्यासाठी संपूर्ण विमा लागतो.

गाडीत बनावटीचा दोष असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाची जबाबदारी स्पष्ट लिहिली आहे. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करायची असते. आणि दगावलेला किंवा अपंग झालेला माणूस शेतकरी कुटुंबातला असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना विसरू नका. मृत्यूस २ लाख रुपये, वय १० ते ७५, आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालयात ३० दिवसांच्या आत प्रस्ताव. दुःखात तारीख निघून जाते, म्हणून शेजाऱ्यांनीच कागद गोळा करावेत.

पंचनामा कसा असावा?

या सगळ्या दारांना किल्ली एकच, पहिल्या दिवशीचा कागद. त्यात ‘शॉर्टसर्किट’ एवढंच लिहिलं असेल तर पुढचा दावा लंगडा पडतो. म्हणून पोलीस पाटलांना आणि ग्राम महसूल अधिकाऱ्यांना (म्हणजे आपल्या तलाठी भाऊसाहेबांना) हात जोडून विनंती आहे. पंचनामा पोलिसांचा असला तरी घटनास्थळी पहिले पोचता तुम्ही. पुढच्या गोष्टी लिहून ठेवा आणि पोलिसांना द्या.

पहिला धूर कुठून दिसला, बॉनेटमधून, डॅशबोर्डखालून, सीटखालून की चाकातून? गाडी चालू होती की उभी? किती वेळ चालून आली होती? इंधन कोणतं? नंतर बसवलेलं काही होतं का? दारं उघडली का? आत किती माणसं होती आणि कोण कुठून बाहेर पडलं? चासी नंबर लोखंडावर ठोकलेला असतो, तो बहुधा जळूनही वाचता येतो. तो उतरवून घ्या. क्रेन यायच्या आत चारही बाजूंनी फोटो काढा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, अग्निशमन दलाचा दाखला घ्या आणि तपासणी होईपर्यंत सांगाडा भंगारात देऊ नका. बियाण्याची पिशवी जपता तसाच हा सांगाडा जपा.

ग्रामपंचायतीने येत्या ग्रामसभेत तीन ठराव करावेत. गावात पेटलेल्या प्रत्येक गाडीची नोंद एका वहीत ठेवायची. मालकाला येत नसेल तर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरची तक्रार ग्रामपंचायतीच्या संगणकावरून भरून द्यायची. आणि शाळेच्या व्हॅनची वर्षातून दोनदा, जूनमध्ये व दिवाळीनंतर, पालकांसमक्ष दारं, सिलिंडरची तारीख व आग विझवायची नळी तपासायची. याला खर्च शून्य आहे.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. पण पुढच्याला ठेच कशाची लागली हे कुणी लिहूनच ठेवलं नाही, तर मागचा शहाणा होणार कसा? गाडी जळाली तर दुसरी घेता येईल. भाजलेल्या माणसाला त्याच्या आगीचं खरं कारण आणि त्याच्या हक्काचा पैसा, या दोन गोष्टी तरी आपल्या गावाने मिळवून दिल्या पाहिजेत.